शांतिकुंड आणि दुधी

माणसाच्या अंगात शिरलेली वीज बाहेर ओढून घेण्याचं सामर्थ्य या भूतलावर फक्त मातीत आहे. हे सत्य आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, आणि गेल्या नवरात्रापासून नवीन पनवेलच्या आमच्या अमृतधारा सोसायटीलाही ठाऊक झालं. पूर्वजांच्या घरी वीज नव्हती, ही किरकोळ अडचण मी व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडली होती. ती इतिवृत्तात घेतली गेली नाही.

दुसऱ्या माळेची संध्याकाळ. मांडवात गरब्यासाठी नटलेली गर्दी, आणि आरतीला खास बोलावलेले भूमानंद महाराज. माथेरान रस्त्याला त्यांची रोपवाटिका होती. अजूनही आहे, पण आता तिला आश्रम म्हणतात आणि कुंड्या मागच्या दाराने विकतात. आरती सुरू होणार, एवढ्यात पाचव्या मजल्यावरचा प्रितेश लाइटिंगची माळ सारखी करायला मांडवाच्या लोखंडी खांबाकडे गेला, "आई गं" म्हणाला आणि सतरंजीवर उताणा पडला.

मी धावलो. तळोज्याच्या एका कारखान्यात मी सुरक्षा विभागात आहे. शॉक लागलेल्या माणसाचं काय करायचं हे शिकवणं माझं पोटापाण्याचं काम आहे. प्रितेश खांबापासून बाजूला फेकला गेला होता, त्यामुळे त्याला हात लावायला हरकत नव्हती. नाडी लागत होती, श्वास चालू होता. "बेशुद्ध आहे फक्त. हवा येऊ द्या. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, ईसीजी काढा," मी म्हणालो.

"दूर व्हा. त्याच्या अंगात करंट आहे, तुम्हाला धरेल," वरून आवाज आला. खर्जातला, तुपात तळलेला आवाज.

महाराजांनी लाकडी पाट मागवला, त्यावर उकिडवे बसले आणि प्रितेशच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावला. मग डोळे उघडून म्हणाले, "घोंघावतोय आत. घाबरू नका. वीज म्हणजे सासरी अडकलेली लेक. तिला माहेरची वाट दाखवायची. आणि विजेचं माहेर कोणतं? माती. इंग्रज काही वेडा नव्हता. त्याने अर्थिंग म्हटलं, आम्ही धरणीमाता म्हणतो."

मग त्यांनी झोळीतून टेस्टर काढला. डावा हात प्रितेशच्या डोक्यावर ठेवला, उजव्या हाताने टेस्टरचं टोक त्याच्या कपाळाला टेकवलं. टेस्टरमधला दिवा लाल पेटला. सगळ्या मांडवाने एकदम श्वास आत घेतला.

बागेतला गुलाबांचा वाफा मोकळा करण्यात आला. त्यात प्रितेशला झोपवून लोकांनी ओंजळी-ओंजळीने माती टाकली. माती पोटापर्यंत आली असेल, तेवढ्यात त्याने डोळे उघडले आणि माझा फोन कुठाय म्हणून विचारलं. महाराजांनी पुन्हा टेस्टर लावला. या वेळी त्यांचा डावा हात आशीर्वादासाठी आभाळाकडे होता. दिवा पेटला नाही. शंख वाजला. गुलाब गेले.

मला मत्सर वाटला. हे लिहायला संकोच नाही, कारण सोसायटीत ते सर्वांना माहीत आहे. दर वर्षी मी खालच्या हॉलमध्ये प्रथमोपचाराचा वर्ग घेतो. कारखान्यातून रबरी पुतळा आणतो. मुलं त्याला गुंड्या म्हणतात. गुंड्याला कमरेखालचा भाग नाही, त्यामुळे तो वर्ग सोडून जाऊ शकत नाही. बाकीच्यांना होता. गुंड्याच्या छातीवर घाम गाळून मी वर्षानुवर्षं जे सांगत आलो, त्यासाठी कोणी कधी शंख वाजवला नव्हता. आणि या माणसाने एका श्वास घेणाऱ्या मुलावर बागेतली माती टाकली, तर सेक्रेटरी कृष्णकांत पाठारे त्याच्यासाठी ऑफिसातली फिरती खुर्ची घेऊन आले. त्या खुर्चीवर मला कधी बसूही दिलं नव्हतं. तिचं चाक निखळेल म्हणाले होते.

पाचव्या माळेपर्यंत गुलाबाच्या वाफ्याला विटांचा कट्टा, भगवा रंग आणि 'शांतिकुंड' अशी पाटी आली. प्रथमोपचाराची पेटी ठेवायला मी कित्येक वर्षं जागा मागत होतो, तेव्हा बागेत जागा नव्हती.

महाराज रोज संध्याकाळी येऊ लागले. ज्यांना शॉक लागला नव्हता त्यांच्याही अंगात मिक्सरचा, मोबाइलचा, गीझरचा 'सूक्ष्म करंट' असतो, असा शोध त्यांनी लावला. डोक्यावर हात, कपाळाला टेस्टर, लाल दिवा. मग कुंडात पाय बुडवून बसायचं, आणि पुन्हा टेस्टर. आता दिवा नाही. खारघरहून गाड्या यायला लागल्या. मी गॅलरीतून गाड्या मोजायचो आणि माझा चहा थंड व्हायचा.

त्यातच मांडवाचा ईएलसीबी सारखा पडू लागला. करंट कुठे जमिनीत किंवा माणसात गळायला लागला की लाइन तोडायची, एवढंच त्या खटक्याचं काम. पण तो नेमका आरतीत पडायचा. एके दिवशी खाली गेलो तर पाठाऱ्यांनी त्याला बगल देऊन तारेचा तुकडा जोडून टाकलेला.

"पाठारे, हे काढा. माणूस जाईल एखादा," मी म्हणालो.

"टिपणीस, आरती चालू असताना अंधार होतो. लोकांना अपशकुन वाटतो."

"तो खटका उगाच पडत नसतो."

"आणि समजा लागला कोणाला शॉक, तर कुंड आहे ना आपलं," पाठारे म्हणाले. मग खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात: "तुमचं दुःख मला कळतं हो. पण प्रत्येकाची एक वेळ असते."

मी लेखी तक्रार दिली. नोटीस बोर्डावर तिच्यावर महाराजांच्या प्रवचनाचं पत्रक चिकटवण्यात आलं.

सगळ्यात जास्त लागलं ते मात्र घरात. माझी बायको, रमा, शाळेत चित्रकला शिकवते. तीही रोज प्रवचनाला जाऊन बसू लागली, आणि पुढच्या रांगेत.

"काय बोलतो तो एवढं?" मी विचारलं.

"आवाज चांगला आहे हो त्यांचा."

"माझा वाईट आहे?"

"तुमचा सूचना दिल्यासारखा आहे." ती भाजी निवडत होती. "आणि हात छान आहेत. लांब बोटं. मी हातच बघते. मुलांना चेहरे जमतात, हात जमत नाहीत."

त्या रात्री मी जेवलो नाही. ती जेवली.

सातव्या माळेला ती शाळेतून परत येताना हार्डवेअरच्या दुकानातून टेस्टर घेऊन आली. तसाच, पारदर्शक मुठीचा. "घरात आहे की टेस्टर," मी म्हणालो.

"हा तो नाही. याच्या मुठीत बघा, घड्याळात असतात तसे सेल आहेत. दुकानदार म्हणाला, तार मधे तुटलीय का ते बघायला वापरतात. टोकापासून टोपणापर्यंत कसाही रस्ता मिळाला की दिवा पेटतो." तिने ओट्यावरचा दुधी पुढे ओढला. उजव्या हाताचा अंगठा टेस्टरच्या टोपणावर, टोक दुधीला आणि डावा हात दुधीच्या डोक्यावर. दिवा लाल पेटला. डावा हात उचलला, विझला. ठेवला, पेटला.

मी दुधीकडे बघत राहिलो.

"त्यांच्याच सेलचा करंट," रमा म्हणाली. "टोकातून समोरच्या माणसात, तिथून त्यांच्या डाव्या हातात, त्यांच्या अंगातून अंगठ्यात, की फेरी पूर्ण. इतका बारीक की मुंगीलाही कळणार नाही. मातीच्या आधी डावा हात डोक्यावर असतो, मातीनंतर आभाळात. रोज. एकदाही चूक नाही."

"मी पण बघत होतो की इतके दिवस."

"तुम्ही गर्दी मोजत होतात."

मी चपला घालू लागलो. ती म्हणाली, "आता कुठे निघालात? सगळ्यांसमोर दाखवू, उद्या आरतीनंतर. आणि आधी ठरवा, लोकांना खरं सांगायचंय की त्या माणसाला पाडायचंय?"

"दोन्ही."

"मग मी बोलेन," रमा म्हणाली.

आठव्या माळेला आरतीनंतरची वेळच आली नाही. मांडवाची फरशी धुऊन झाली होती, आरतीसाठी लाइटिंगची माळ नुकतीच लावली होती. आमचा वॉचमन प्रदीप, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतला, बायको पारूबरोबर गेटजवळच्या खोलीत राहणारा, ओल्या पायांनी उभा पंखा सरकवायला गेला आणि पंख्याला चिकटला. तोंडातून आवाज नाही, फक्त हात थरथरत होता. पाठारे त्याला ओढायला धावले.

"हात लावू नका," मी ओरडलो. "आधी मेन."

रमा तोवर मीटरच्या खोलीपाशी पोचली होती. तिने मेन स्विच खाली ओढला. मांडव काळा झाला आणि प्रदीप पंख्यासकट खाली आला. मोबाइलचे दिवे लागले. मी १०८ ला फोन लावायला सांगितलं आणि त्याच्याजवळ बसतोय, तोच प्रितेशने आणि आणखी चौघांनी त्याला उचलला. "कुंडात, कुंडात." अनुभवी माणूस पुढे होता, त्याला कोण अडवणार.

कट्ट्याशी महाराज उभे होते. त्यांनी प्रदीपच्या छातीला कान लावला. या वेळी कान लवकर उचलला. मोबाइलच्या उजेडात त्यांचा चेहरा मला दिसला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा हेवा वाटला नाही.

"याचं खोल गेलंय," ते म्हणाले. "मातीचा कौल नाही. दवाखान्यात न्या."

"पण महाराज, कुंड आहे ना," पाठारे म्हणाले.

"कौल नाही म्हणतो ना मी."

पारूने मातीची ओंजळ भरून घेतलेली होती. ती महाराजांकडे बघत होती, मग माझ्याकडे. "दादा, त्या पोराला उठवला ना मातीनं. मंग यानला का नाय?"

"पारूताई, तो पोरगा श्वास घेत होता. प्रदीप घेत नाहीये. छातीवर माती टाकली तर घेणारही नाही. मला त्याची छाती दाबू दे."

"तुमच्या दाबन्यानं उठंल?"

"सांगता येत नाही. पण थांबलो तर नक्की नाही उठणार."

तिने ओंजळ सोडली. "मंग दाबा. थांबू नका."

आम्ही त्याला सपाट फरशीवर घेतला. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर सरळ, आणि दोन इंच खाली जाईल असं जोरात, मिनिटाला शंभराच्या वर. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. गुंड्यावर मी हे इतक्या वेळा केलं होतं की हातांना पाठ होतं. फक्त गुंड्याची बायको कधी शेजारी उभी नव्हती. मी दमलो तशी रमा बसली, रमा दमली तसा प्रितेश. "काका, असंच ना? बरगडी मोडेल का?" तो विचारत होता. "मोडू दे. दाबत राहा."

अँब्युलन्स आली. डॉक्टरांनी प्रदीपच्या छातीवर दोन पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना मागे सरकवलं आणि यंत्राचं बटण दाबलं. प्रदीप उसळला. ज्याच्या अंगातला करंट काढायला सगळी सोसायटी माती घेऊन उभी होती, त्याला डॉक्टरांनी आणखी एक करंट दिला. हृदय निमूट कामाला लागलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर आभाराचं पत्रक लागलं. आभार भूमानंद महाराजांचे होते. त्यांनी दवाखान्यात न्यायचा कौल वेळेवर दिला म्हणून.

रमाने त्या दिवशी मला दोन वेळा चहा करून दिला.

कोजागरीला दूध आटत होतं. मांडव तेवढ्यासाठी ठेवला होता, त्याचा मेन मात्र मी प्रदीप पडल्यापासून लावू दिला नव्हता. प्रदीप दवाखान्यातून आला होता. हाताला भाजल्याची जखम, तिच्यावर पट्टी, चालताना पारूच्या खांद्याचा आधार. त्याला फिरत्या खुर्चीवर बसवण्यात आलं. हेही मी पाहिलं.

महाराज पाटावर बसले, डावा हात प्रदीपच्या डोक्यावर ठेवला, टेस्टर कपाळाला लावला. लाल दिवा.

"उरलाय," महाराज म्हणाले. "डॉक्टरांनी वरून आणखी घातला ना. लेक एक होती, आता दोन झाल्या. आज पौर्णिमा आहे. रात्रभर कुंडात बसवू, छातीपर्यंत."

"जखमंला माती लागंल ना म्हाराज," पारू म्हणाली. "डाक्टर म्हनलं, सुकी ठेवा."

"माती आई आहे, बाळा."

पाठाऱ्यांनी फावडं मागवलं. "प्रदीप, तुझ्या भल्यासाठीच आहे. तू नाही कसा म्हणशील?"

प्रदीपची नोकरी आणि खोली पाठाऱ्यांच्या सहीवर होती. तो खाली बघत म्हणाला, "आमी काय सांगनार सायेब. तुमी म्हनाल तसं."

तेव्हा रमा उठली. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत दुधी.

"महाराज, ह्याचं जरा बघता का?" तिने दुधी पाटासमोर ठेवला. "गेले दोन दिवस फ्रिजमध्ये होता. सूक्ष्म करंट असेल."

लोक हसले. महाराजही हसले. "ताई, श्रद्धेची अशी थट्टा करू नये."

"दाखवाच महाराज," पाठारे म्हणाले. "या घराचं तोंड एकदाचं बंद होऊ दे."

महाराज काही लेचेपेचे नव्हते. त्यांनी डावा हात आभाळाकडे नेला आणि टेस्टर दुधीला लावला. दिवा पेटला नाही. "निर्मळ आहे," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी डोळे मिटून घेतले.

"छान," रमा म्हणाली. "आता डावा हात तसाच वर ठेवा, आणि प्रदीपला लावून दाखवा."

टाळ्या थांबल्या. महाराजांचा हात वरच होता. तो खाली कसा आणावा हे त्यांना सुचत नव्हतं.

"स्पर्शाशिवाय कृपा वाहत नाही," ते म्हणाले.

"मग दुधीला स्पर्श करा."

"मी भाजीपाल्यावर हात ठेवत नाही."

"मागच्या दाराने रोपं विकताना ठेवता," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. मी नव्हतो. मला सुचलं असतं तर फार बरं झालं असतं.

रमाने आपला टेस्टर पारूच्या हातात दिला. "अंगठा इथे दाब. टोक दुधीला. आता दुसरा हात त्याच्यावर ठेव." दिवा पेटला. पारूने हात उचलला, विझला. पुन्हा ठेवला, पेटला. मग तिने रमाला विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही. ती उठली आणि टेस्टर पाठाऱ्यांच्या कपाळाला लावून दुसरा हात त्यांच्या टकलावर ठेवला. लाल.

"सेक्रेटरी सायेब," पारू म्हणाली, "तुमाला बी लागलाय. बसा कुंडात."

अमृतधारा सोसायटी इतकी हसलेली मी कधी ऐकली नाही. फावडं कट्ट्याला टेकून राहिलं. महाराजांनी झोळी आवरली, आज माझं मौन आहे म्हणाले आणि दुधाला न थांबता गेले.

मग मला बोलायला मिळालं. मी फार बोललो असं रमा म्हणते, पण मुद्दे एवढेच होते. वीज अंगात राहत नाही. तारेशी संबंध तुटला की ती गेली. मागे राहते ती तिने केलेली इजा, आणि ती मातीने निघत नाही. छातीला कान लावून महाराज करंट ऐकत नव्हते. श्वास चालू आहे का, ठोका आहे का, तेच बघत होते, माझ्यासारखंच. जो आपोआप उठणार होता त्याला मातीत घालायचं आणि श्रेय घ्यायचं. जो उठणार नाही, त्याला कौल नाही म्हणून दवाखान्यात धाडायचं. या हिशोबात माती कधी हरतच नाही, हरतो तो माणूस. म्हणून कोणाला शॉक लागला तर आधी मेन बंद करा. बंद करता येत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून सुक्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करा, हाताने नाही. श्वास नसेल तर छाती दाबा, १०८ ला बोलवा, मदत येईपर्यंत थांबू नका. उठून बसला तरी दवाखान्यात न्या. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर त्याच्या डोळ्यांकडे बघू नका, दुसऱ्या हाताकडे बघा.

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी विचारलं, रमाताई वर्ग कधी घेणार आहेत?

तो वर्ग झाला. हॉल भरला, लोक जिन्यात बसले. पारूने गुंड्याची छाती अशी दाबली की त्याची झडप बदलावी लागली. मला दारात उभं राहून चपला सांभाळायचं काम होतं, आणि कोणाचीही चप्पल हरवली नाही.

मांडव उतरवायच्या आधी मी खांदा कॉलनीतून इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने पाठाऱ्यांचा तारेचा तुकडा काढला. माळ लावताच ईएलसीबी पडला. लाइटिंगची माळ लोखंडी खांबाला घासून सोलली होती, प्रितेशने धरलेल्या त्याच खांबाला, आणि खांबाला लागून पंखा उभा होता. ईएलसीबी आरतीत पडायचा, कारण माळ फक्त आरतीला लावायचे.